प्रश्न माझाच होता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात बडोद्याची एक चौकट आपण छापली आहे. पालिकेच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या एका तरुण उमेदवाराला ओटला बैठकीत, म्हणजे सोसायटीतल्या छोट्या प्रचारसभेत, एका वृद्धेने प्रश्न विचारला आणि तो निरुत्तर झाला, अशी ती बातमी. सोबत मोबाइलवर फिरणाऱ्या बावीस सेकंदांच्या व्हिडिओतला फोटो. त्यात पाठमोरी, पांढऱ्या केसांची, काठी धरलेली जी बाई दिसते ती मी आहे. बातमीत खोटं काही नाही. पण त्या बावीस सेकंदांच्या आधी आणि नंतर काय घडलं ते कुठेच आलेलं नाही. ते ठाऊक असून मी गप्प बसले तर त्या मुलावर अन्याय होईल, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्यावं, पण मधूनच कापू नये ही विनंती. एकदा कापल्यामुळेच हे सगळं झालं आहे.

मी बडोद्याचीच. आजोबा गायकवाडीत कारकून होते, माहेर दांडिया बाजारात, आणि चौतीस वर्षं मी मराठी शाळेत भूगोल शिकवला. लग्नानंतर आम्ही विश्वामित्रीच्या बाजूला राहायला आलो, तेव्हा तिथे शेतं होती. आता आमची सोसायटी चारी बाजूंनी वेढली गेली आहे. मागच्या भिंतीला लागून एक कांस जाते. कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारा मोठा नाला. बडोद्यात मराठी घरांतसुद्धा तिला कांसच म्हणतात. पाऊस झाला की तिनं नदीकडे वाहावं हा तिचा धर्म. पण नदी फुगली की कांस उलटी वाहते आणि उतरलेलं पाणी परत आमच्या दारात येतं. मधे कुणी ती बुजवली असेल, कुणी तिच्यावर स्लॅब टाकून गाड्या लावत असेल, तर पाणी येतं लवकर आणि जातं उशिरा.

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीनं ३५ फुटांची पातळी ओलांडली. काळ्या घोड्याच्या पुलावर ती मोजतात, आणि तिथे २६ फूट ही धोक्याची खूण आहे. माझ्या घरात साडेतीन फूट पाणी होतं. दोन रात्री आम्ही सगळे वरच्या बिऱ्हाडात काढल्या. विश्वामित्रीतली मगर शिरली की काय म्हणून पोरं जिन्यात बॅटरी मारून बघत होती. बाहेरगावच्यांना हे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल, बडोदेकरांना वाटणार नाही. यजमान गेल्यावर त्यांची पेटी मी जपून ठेवली होती. पाणी ओसरल्यावर ती उघडली तर भात्यात चिखल आणि सुरांच्या पट्ट्यांवर गंज. रंग काढताना भिंतीवरची पाण्याची रेघ मी पुसू दिली नाही. तिच्यावर पेनने तारीख घातली आहे. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, त्याची रेघ हिच्या वीतभर खाली होती. ती तेव्हा पुसली, याचं मला वाईट वाटतं.

हे सांगायचं कारण, तो प्रश्न मी गंमत म्हणून विचारला नव्हता.

रविवारी संध्याकाळी आमच्या कॉमन प्लॉटमध्ये बैठक ठरली होती. सतरंज्या, चाळीसेक खुर्च्या, एक माइक. एका पॅनलचे चारही उमेदवार साडेसातला येणार होते. साडेसातला आला तो एकटा धाकटा. वय सव्वीस, इंजिनीअर, मराठी घरातला, गळ्यात पक्षाचा खेस. बाकीचे तिघे दुसऱ्या सोसायटीत अडकले होते. त्यानं माइक घेतला, पत्रिकेतलं वाचून दाखवलं: रस्ते, दिवे, बागा, तरुणांना संधी. त्याच्या बोलण्यात पुराचा शब्द नव्हता. ते मला लागलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाळ, आमच्या मागची कांस कुठून निघते आणि विश्वामित्रीला कुठे मिळते, तेवढं सांग."

भूगोलाच्या तासाला पाचवीच्या वर्गात मी असंच विचारायचे. विश्वामित्री कुठे उगम पावते? पावागडला. कुणाला मिळते? ढाढरला. ढाढर कुठे जाते? खंभातच्या आखाताला. मुलं एका सुरात सांगायची. ज्या नदीकाठी आपण राहतो तिची एवढी माहिती माणसाला असावी, आणि ज्याला आमच्या दारचं पाणी काढायचं आहे त्याला आमच्या कांसेची असावी, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे. प्रश्न मी मागे घेत नाही.

त्याला सांगता आलं नाही. माइक तोंडाजवळ, डोळे खाली. मागून कुणीतरी ओरडलं, "पुरात कुठे होतास?" तो म्हणाला, अहमदाबादला नोकरीला होतो. हशा पिकला. दुसरा म्हणाला, "मग तिथूनच उभं राहायचं ने!" पुन्हा हशा. बावीस सेकंद इथे संपतात.

चौतीस वर्षांत वर्गातली शांतता मी पुष्कळ ऐकली आहे. अभ्यास न केलेलं मूल गप्प बसतं तेव्हा त्याची नजर इकडेतिकडे फिरते, शेजाऱ्याच्या ओठांकडे जाते. आणि काही मुलं अशी असतात की प्रश्न कळलेला असतो, उत्तर येत नाही हेही कळलेलं असतं, आणि थाप मारायची नाही असं ठरवूनच ती गप्प असतात. हा दुसऱ्या जातीचा गप्पपणा होता. मी समोरच उभी होते, मला तो दिसला. वर्गात असं मूल उभं असताना बाकीच्यांना मी कधी हसू दिलं नाही. एकदा एका मुलीवर वर्ग हसला म्हणून मी तास थांबवून सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं होतं. त्या रविवारी मात्र लोक हसत राहिले आणि मी काठी टेकून खाली बसले. मी एक शब्द बोलले असते तर आमच्या सोसायटीत लोकांनी ऐकलं असतं; तिथली निम्मी मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत. मी बोलले नाही. ही माझी चूक आहे आणि ती छापून यावी असं मला वाटतं.

हशा ओसरल्यावर तो जे बोलला ते व्हिडिओत नाही. "मला ठाऊक नाही, आजी. मला ठाऊक असायला हवं होतं. उद्या सकाळी मी येतो, तुम्ही दाखवा." एवढंच. त्यानंतर कुणी टाळी वाजवली नाही, आणि व्हिडिओ काढणाऱ्यानं फोन खिशात घातला होता.

वीस मिनिटांनी बाकीचे तिघे आले. त्यांतले एक गृहस्थ याआधी दोनदा निवडून आलेले आहेत. २०१९ च्या पुरात आणि २०२४ च्या पुरात, दोन्ही वेळा ते पदावर होते. त्यांना हार घातला गेला. ते महाराज सयाजीरावांवर बोलले, आजव्याच्या तलावावर बोलले, बडोद्याच्या संस्कृतीवर बोलले. चहा झाला. कांसेचं त्यांना कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मी गेले होते, त्यांची आई माझ्या भजनी मंडळात होती, आणि समोर चहाचा कप धरून हसत उभ्या असलेल्या माणसाला विचारायला जीभ वळेना. सव्वीस वर्षांच्या मुलाला विचारायला मात्र ती चटकन वळली होती.

घरी आल्यावर हेच डोक्यात राहिलं. कांस बुजली ती दहा-पंधरा वर्षांत. तिच्यावर स्लॅब पडले तेव्हा हा मुलगा शाळेत होता. आमच्या तक्रारी ज्यांच्याकडे गेल्या, ज्यांनी 'बघतो' म्हटलं, ते सगळे मोठी माणसं होती. जाब होता त्यांच्यासाठी, आणि मागितला तो याच्याकडे, कारण तो लवकर आला होता आणि एकटा होता.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आमच्याकडची रीत सांगते. बडोद्यात १९ वॉर्ड, प्रत्येक वॉर्डातून चार, असे ७६ कॉर्पोरेटर निवडून जातात. मतदाराला चार मतं असतात. पुण्यातल्या लोकांना चारचा प्रभाग नवा नाही. पण मतं चार असली तरी मागणी एकच होते: आखी, म्हणजे अख्खी, पॅनल द्या. पक्ष चौघांची मोट बांधतो. त्यात एक जुना, ज्याची ओळख आहे. एखादी अशी की जिच्या नवऱ्याची ओळख आहे. आणि एक तरुण चेहरा, ज्याच्यावर अजून काही डाग नाही. चौघांचे फोटो एकाच पत्रिकेवर, आणि तरुणाचा पुढे. जुन्या भिंतीला चुना मारावा तसा त्याचा वापर होतो. २०२१ च्या वेळी सत्ताधारी पक्षानं साठीच्या वरच्यांना आणि तीनदा निवडून आलेल्यांना तिकीट नाही असं जाहीर केलं होतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं की नवी माणसं येतील. नवी माणसं आली खरी, पण जुन्यांनी जे करायचं राहून गेलं त्याची शिक्षा भोगायलाही तीच पुढे उभी केली जातील, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. यात मी कुठल्या एका पक्षाला दोष देत नाही. आमच्या वॉर्डात तिन्ही पॅनलांची बांधणी अशीच आहे.

सोमवारी सकाळी सात वाजता तो आला. एकटाच, ॲक्टिव्हावर, खेस नव्हता. मी त्याला चहा विचारला, तो म्हणाला आधी जाऊन येऊ. आम्ही कांसेच्या काठानं चालत गेलो. माझ्या पायानं तासभर लागला. भिंतीवरची रेघ पाहिली तेव्हा तो तिच्याजवळ उभा राहिला. त्याच्या कमरेच्या वर आली. जिथे कांस रस्त्याखालून जाते तिथे वाकून त्यानं आतला गाळ पाहिला, पाइपाचं तोंड किती उघडं आहे ते मोबाइलच्या दिव्यानं बघितलं. पुढे एका जागी रुंदी पावलांनी मोजली, अकरा पावलं भरली. त्यानंतर शंभरेक पावलांवर पुन्हा मोजली, तिथे चार. "अकरातलं पाणी चारमधून कसं जाणार?" असं तो स्वतःशीच म्हणाला. बांधकामाचा राडारोडा कुठे टाकलाय, कुठल्या बाजूची भिंत आत सरकली आहे, सगळं वहीत लिहून घेतलं. नदीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा म्हणाला, "आजी, मी इथून सहा किलोमीटरवर वाढलो, पण या जागी कधी आलो नव्हतो." मी म्हटलं, यायला हवं होतंस. तो म्हणाला, हो.

त्याचं गुणगान करायला मी हे लिहीत नाही. निवडणुकीला उभं राहायच्या आधी हे फिरणं व्हायला हवं होतं. वॉर्ड म्हणजे काय हे पत्रिका छापल्यावर शिकायचं नसतं. आणि ज्या गृहस्थांच्या शेजारी तो खुर्चीवर बसतो त्यांना हेच प्रश्न विचारायची धमक त्याच्यात आहे की नाही, हे मला अजून दिसलेलं नाही. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्यानं उत्तर दिलं नाही. या वेळची त्याची शांतता मला आवडली नाही.

पण तोपर्यंत व्हिडिओ गावभर झाला होता. त्याच्या तोंडावर गाढवाचे कान लावलेले फोटो आले. कांसेत पडलेला दाखवून मगर त्याच्या मागे लागल्याची चित्रं आली. मग त्याच्या कॉलेजच्या सहलीतले फोटो निघाले, मग त्याच्या आईचे. ती एका दुकानात हिशेब लिहायचं काम करते. त्यावरून तिकिटाचे पैसे कुठून आले असले घाणेरडे शब्द. कांस यातल्या एकाही चित्रात नव्हती, म्हणजे होती ती त्याला बुडवण्यापुरती. ती कुणी बुजवली, साफ कधी होणार, पुढच्या पावसाळ्यात काय, यावर एक ओळ नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते आपल्या माणसांचं. मराठी ग्रुपांवर त्याच्या गुजराती मिसळलेल्या मराठीची टवाळी झाली. बोलताना तो 'ने' लावतो, 'चोक्कस' म्हणतो, 'काही वांधा नाही' म्हणतो. मराठी आडनाव लावून असं बोलतो, लाज नाही वाटत का, असं लिहिणारे लोक आहेत. अहो, बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या कुठल्या मराठी घरात 'वांधा' येत नाही? माझ्या घरात येतो. मी मराठी शाळेत शिकवत असताना शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात अकरा मुलं होती. जे आज त्याच्या जिभेवर हसतात त्यांनी आपली मुलं कुठल्या शाळेत घातली हे मला माहीत आहे, कारण दाखला न्यायला ते माझ्यासमोरून गेले. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या बडोद्यात झालं. तेव्हा मी स्वयंसेवकांत होते, खुर्च्या मोजत होते. भरलेल्या मंडपात किती तरुण चेहरे आहेत हे मी शोधत होते. आता एक मुलगा मोडक्यातोडक्या मराठीत चारचौघांत उभा राहून बोलतो, तर त्याला गप्प बसवायचं?

वयाबद्दलही फार बोललं गेलं. दूधपितं पोर, कालचं शेंबडं, असं. राज्यघटनेनं पालिकेसाठी २१ वर्षांची अट ठेवली आहे, लोकसभेसाठी २५ ची. आमच्या गावाला तर तरुण उमेदवार नवीन नाहीत. वडील १९५७ ची गोष्ट सांगायचे. फत्तेसिंहराव गायकवाड जेमतेम सत्तावीस वर्षांचे असताना लोकसभेवर निवडून गेले. १९९१ ला दीपिका चिखलिया, टीव्हीवरच्या सीता, सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांनाही बडोद्यानं दिल्लीला पाठवलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत तेव्हा दोन तट पडले होते, आणि एक वयस्क सर म्हणाले होते की आधी पाहू या ती काय विचारते, मग ठरवू. ते वाक्य मला आता फार आठवतं. आपण उमेदवार काय सांगतो तेवढंच ऐकतो, तो काय विचारतो तिकडे लक्षच नसतं.

महाराज सयाजीरावांचं नाव त्या दिवशी बैठकीत घेतलं गेलं म्हणून लिहिते. १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून त्यांना बडोद्याला आणलं तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांना गादीवर बसवून कुणी लगेच दरबारात प्रश्न घातले नाहीत. सहा वर्षं शिकवलं. दिवाण माधवरावांनी राज्य कसं करायचं यावर त्यांना समोर बसवून व्याख्यानं दिली, आणि १८८१ च्या डिसेंबरात, अठरा वर्षं पुरी झाल्यावर, कारभार हातात दिला. त्याच मुलानं पुढे १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माझे आजोबा त्या सक्तीमुळे शाळेत गेले. आता राजे नाहीत आणि दिवाण नाहीत. उमेदवाराला शिकवायचं कुणी? पक्ष त्याला माइक कसा धरायचा ते शिकवतो. कांस कुठून जाते ते शिकवायला आम्ही काठावर राहणारेच आहोत. म्हणून मी त्याला घेऊन गेले, आणि दुसऱ्या पॅनलमधल्या एका मुलीनं मागितलं तर तिलाही नेईन.

निवडणुकीच्या कामाला मी पुष्कळदा गेले आहे. १९९६ च्या लोकसभेला मी मतदान अधिकारी होते. तेव्हा कागदी मतपत्रिका होत्या. शाई ओली असताना चुकीची घडी पडली तर शिक्का दुसऱ्या चिन्हावर उमटायचा आणि मोजणीत वाद व्हायचा, म्हणून मतपत्रिका उभी घडी घालून मग आडवी कशी दुमडायची हे मी प्रत्येकाला करून दाखवत होते. एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले होते, बाई, एका मतानं काय होणार आहे. त्या निवडणुकीत सत्यजितसिंह गायकवाड बडोद्यातून सतरा मतांनी निवडून आले. सतरा! त्या गृहस्थांना शोधून सांगावंसं वाटलं होतं मला. आता आमच्या शहरात फरक लाखांत असतो. २०२४ ला लोकसभेचा निकाल पाच लाख ब्याऐंशी हजारांवर मतांच्या फरकानं लागला. लाखांचा फरक असला की मोठ्यांना प्रश्नाची भीती उरत नाही. मग लोकांचा राग जिथे जागा मिळेल तिथे जातो, आणि तो सगळ्यात कोवळ्या माणसावर पडतो. २०२४ च्या पुरानंतर बडोद्यात काही ठिकाणी लोकांनी नेत्यांना सोसायटीच्या दारातून परत पाठवलं होतं. तो राग मला कळतो, मीही त्यात होते. तो राग वाया जाऊ नये एवढंच मला वाटतं.

व्हिडिओनंतर माझ्याकडे दोन्हीकडची माणसं येऊन गेली. एका पक्षाचे लोक म्हणाले, तुमचा जाहीर सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, तुम्ही स्टेजवर फक्त उभ्या राहा. मी नाही म्हटलं. मग त्या मुलाच्या पक्षाची दोन माणसं आली: आजी, एक मिनिट बोला, मुलगा गुणी आहे, व्हिडिओ खोटा आहे. व्हिडिओ खोटा नाही, अर्धा आहे; आणि मुलगा गुणी आहे की नाही हे मला अजून कळायचं आहे. त्यांनाही परत पाठवलं. तो स्वतः मात्र असलं काही मागायला आला नाही, हे नमूद करते.

पत्र लिहायचं ठरलं ते बुधवारी. मी खंडेराव मार्केटात भाजी घेत होते. मेथीच्या ढिगापलीकडे त्याची आई उभी होती. मी तिला ओळखत नव्हते, पण फोटो इतके फिरले होते की चेहरा कळला. तिनंही मला ओळखलं. ती काही बोलली नाही. हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली, थोडी मागे सरली, आणि म्हाताऱ्या माणसाला देतात तशी मला वाट दिली. मी तिच्याशी बोलायला हवं होतं. मेथीची जुडी हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. तोवर ती गेली होती.

पूर्ण व्हिडिओ तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. माझ्या शेजारणीच्या नातीनं तो दुसऱ्या बाजूनं काढला होता. त्यात माझा प्रश्न आहे, हशा आहे, मी खाली बसते ते आहे, आणि शेवटी त्याचं उत्तर आहे. तो मी आपल्या बातमीदाराला द्यायला तयार आहे. दाखवायचा तर सगळा दाखवावा ही अट. माझं नाव छापू नये, त्या मुलाचंही नाही, आणि वॉर्डाचा क्रमांकही नाही. नावं काढून बोललं तरी बोलणं समजतं. माझी चार मतं कुणाला जातील हे विचारू नये.

येत्या गुरुवारी त्याच प्लॉटमध्ये पुन्हा बैठक आहे, चौघेही येणार असं कळवलं आहे. कांसेचा नकाशा मी कागदावर मोठा काढला आहे, उगमापासून तोंडापर्यंत, अकरा पावलांची आणि चार पावलांची जागा लाल पेन्सिलीनं दाखवून. त्याच्या चार झेरॉक्स काढून आणल्या. पहिली प्रत त्या दोनदा निवडून आलेल्या गृहस्थांच्या हातात देऊन प्रश्न त्यांना आधी विचारीन, आणि चहा त्यानंतर.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बडोदे